लाइट लागल्यावर बसून राहिलेली माणसं

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ मोबाइलवर बघून संपवलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘संपला?’ असा. मग तो अंगठ्याने पट्टी मागे ओढतो, डुलकी लागून मधलं काही सुटलं का ते तपासतो. सुटलेलं काहीच नसतं. पैशाची बॅग घेऊन पळणारा लेवेलिन मॉस, ज्याच्यासाठी आपण दीड तास जीव मुठीत धरून बसलो, तो मेला, आणि मेला तोही आपल्या नजरेआड. आपण पोचेपर्यंत मोटेलच्या दारात नुसतं प्रेत. त्याच्या मागावर असलेला अँटन शिगूर शेवटी हात मोडून घेतो आणि गल्लीतून चालत निघून जातो. म्हातारा शेरीफ निवृत्त होतो, सकाळी बायकोसमोर टेबलाशी बसून रात्री पडलेली दोन स्वप्नं सांगतो, आणि पडदा काळा.

(शेवट फुटला म्हणून रागावू नका. या लेखात अजून सात-आठ सिनेमांचे शेवट फुटणार आहेत, तेव्हा आता माघार घेण्यात अर्थ नाही.)

२००७ साली अमेरिकेत हा सिनेमा लागला तेव्हा तिथले लोकही थिएटरातून कुरकुरत बाहेर पडले होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट चार ऑस्कर मिळाले, तरी ‘शेवट कुठाय?’ ही तक्रार काही थांबली नाही. त्यामुळे ‘आपल्या पब्लिकला असले सिनेमे कळत नाहीत’ असं म्हणून मोकळं व्हायचं कारण नाही. माझा तर उलटाच दावा आहे. आपल्या भागातला प्रेक्षक उदास, कोरड्या, अंगावर येणाऱ्या गोष्टी शंभर वर्षं बघत आलाय. दुःखाला तो कधीच घाबरला नाही. त्याला खुपते ती वेगळी गोष्ट, आणि ती काय हे बघायला जरा मागे जावं लागतं.

आधी ‘वेस्टर्न’ म्हणजे काय ते सांगून टाकतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा उघडा, कोरडा मुलूख. लांबवर पसरलेली जमीन, गुरं, सावकार आणि बँका, कायदा दूर आणि बंदूक जवळ. जुन्या वेस्टर्नमध्ये शेवटी एक भला माणूस घोड्यावरून येऊन सगळ्यांचा हिशेब चुकता करायचा. नव्या वेस्टर्नमध्ये घोड्याच्या जागी पिकअप गाडी आली आणि हिशेब चुकता होईल ही खात्री गेली. ‘नो कंट्री’ची गोष्ट १९८० सालातल्या पश्चिम टेक्ससमधली आहे, कॉर्मॅक मॅकार्थीची कादंबरी २००५ सालची.

आता नातेपुत्यातून दक्षिणेला तोंड करून उभे राहा. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि मुक्कामाला नातेपुत्यात थांबते, म्हणून बाहेरच्यांना हे गाव ठाऊक. पण पालखी पुढे गेल्यावर जे उरतं ते असं : उत्तरेला नीरेच्या कालव्याचं पाणी, ऊस, अकलूजकडची श्रीमंती, दक्षिणेला शंभू महादेवाचे डोंगर, कुसळं, मेंढरं आणि त्यापलीकडे माणदेश. एकाच माळशिरस तालुक्यात दोन देश आहेत. टेक्ससच्या त्या पिवळ्या माळाचं पहिलं दृश्य बघताना आमच्या भागातल्या माणसाला परकं वाटायचं काही कारणच नाही.

आणि गोष्टही परकी नाही. १२ मे १८७५ रोजी नीरेच्या पलीकडे सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली आणि कर्जखतं, खातेवह्या मागून घेऊन जाळल्या. बघता बघता लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेलं. यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर लोकांचा जोर होता. कागद दिला की बहुतेक ठिकाणी सावकाराला सोडून देत होते. हिशेबच खोटा आहे, म्हणून हिशेबाची वहीच नको, असा तो सरळ व्यवहार. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी.

पन्नास वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. सावकार खोट्या कागदावर जमीन घशात घालतो आणि शेतकरी गाव सोडून गिरणीत मजूर होतो, एवढीच. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. मूकपटाचा जमाना, त्यातलं एक दृश्य बघणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिलं, अंधुक उजेडातली एक भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं. आज या सिनेमाला भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात मानतात. त्या वेळच्या प्रेक्षकांना मात्र तो रुचला नाही. पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक तलवारबाजी यांना सरावलेल्या लोकांनी त्याकडे पाठ फिरवली.

इथे एक उडी मारतो. २०१६ चा ‘हेल ऑर हाय वॉटर’ हा नवा वेस्टर्न बघा. आईचं शेत बँकेच्या घशात चाललंय, म्हणून दोन भाऊ त्याच बँकेच्या शाखा लुटतात आणि त्याच पैशाने त्याच बँकेचं कर्ज फेडतात. सुप्याच्या बाजारातल्या माणसाला हा सिनेमा दाखवला असता तर त्याला एका शब्दाचंही भाषांतर लागलं नसतं.

‘सावकारी पाश’ न चालण्याचं कारण दुःख हे नव्हतं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो काय आनंदीआनंद होता? राज्य गेलं, बायको विकली, पोरगा मेला, बाप स्मशानात राबतोय. यापेक्षा काळाकुट्ट कथाभाग शोधून सापडणार नाही. पण शेवटी देव प्रकट होतो, पोरगा उठून बसतो, राज्य परत मिळतं. कीर्तनात हे आख्यान ऐकून रडणाऱ्या माणसाला रडताना माहीत असतं की देव मंडपाच्या बाहेर थांबलेला आहे. ‘सावकारी पाश’मध्ये देव आलाच नाही. लोकांना खुपलं ते हे.

मराठी सिनेमाच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांकडे या नजरेने बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९३५ च्या ‘देवदास’ने देशभरच्या पोरांना वेड लावलं. दारू पिऊन झिजून मरणाऱ्या नायकाला बघून तरुण मंडळी निराशेत लोळतायत हे शांतारामबापूंना पटलं नाही, आणि त्यांनी प्रभातमध्ये १९३९ साली ‘माणूस’ काढला. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकरांची मैना. मैना खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात जाते, लग्न होत नाही, काहीच जुळत नाही. पण गणपत मरत नाही. दुसऱ्या दिवशी उठून जगायला लागतो. प्रेक्षकांनी एका उदास सिनेमाला दिलेला प्रतिसाद बघून दुसऱ्या दिग्दर्शकाने काढलेला उदास सिनेमा, असं हे दुर्मीळ उदाहरण आहे. सुखान्त न देताही माणसाला जगायचं कारण देता येतं, हे बापूंनी तेव्हा दाखवलं.

त्यांचाच १९७२ चा ‘पिंजरा’ तर याहून भयंकर. आदर्श मास्तर तमासगीर बाईच्या नादाला लागतो, स्वतः मेल्याचा देखावा उभा राहतो, गाव त्याचा पुतळा उभारतं आणि शेवटी मास्तरवर खटला चालतो तो स्वतःच्याच खुनाचा. तो गप्प बसून शिक्षा घेतो, कारण तोंड उघडलं तर गावाचा मास्तरवरचा विश्वास मरेल. डॉक्टर लागूंचा हा पहिला मोठा सिनेमा. महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळ होळपळून काढत होता आणि लोक हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघत होते. गाणी आणि संध्याबाईंचा नाच हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लक्षात घ्या, इथे फाशीसुद्धा पटते. मास्तर घसरला, त्याने किंमत मोजली. वहीच्या दोन्ही बाजू जुळल्या.

हे सगळं आमच्याकडच्या लोकांनी कुठे बघितलं? पुण्या-सोलापूरच्या थिएटरात गेलेले थोडे. बाकीच्यांनी जत्रेत, तंबूत. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते, मुंगी घाटातून कावडी वर चढतात. हिवाळ्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. अशा यात्रा-जत्रांमागे ट्रकवर तंबू, पडदा आणि प्रोजेक्टर लादून फिरती टॉकीज हिंडायची. खाली जमीन, वर कापड; एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. भोंग्यावरून ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं. पाळणे, पिपाण्या, रेवड्या आणि नवस यांच्या मधोमध सिनेमा. अमित मधेशिया यांनी या तंबूंतल्या प्रेक्षकांचे चेहरे टिपले, त्या फोटोंना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासोबत त्यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात गेला. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडलेली, पांघरूण घेतलेली, तोंड उघडं राहिलेली ती माणसं. सिनेमाला मिळालेल्या प्रतिसादाचा इतिहास लिहायचा तर समीक्षांपेक्षा ते चेहरे जास्त कामाचे आहेत.

तंबूतला प्रेक्षक बोलतो. खलनायकाला शिव्या घालतो, नायकाला ‘मागं बघ, मागं’ म्हणून सांगतो. वगनाट्याची सवय आहे ती. तिथे सोंगाड्या प्रेक्षकाशी बोलतो आणि प्रेक्षक सोंगाड्याला उत्तर देतो. आवडलं की पैसे उधळायचे, त्याला दौलतजादा म्हणतात. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात जायचे आणि आरतीला पडद्यावर नाणी फेकायचे. पडदा म्हणजे देऊळही आणि फडही. आवडल्याची पावती रोख.

आणि त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, ‘शोले’ आला.

‘शोले’ हा आपला वेस्टर्न. माळ, खडक, घोडे, लुटारू आणि ठाकूरने भाड्याने आणलेले दोन भुरटे. त्याआधी ‘मॅकेनाज गोल्ड’सारखा अमेरिकन वेस्टर्न आपल्याकडे वारंवार लागून लोकांच्या ओळखीचा झाला होता, पण ‘शोले’ची गोष्ट निराळी. आज तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला म्हणून सांगतात. सुरुवातीच्या दिवसांत मात्र तो पडला असंच बाजारात बोललं जात होतं. अनुपमा चोप्रा यांनी ‘शोले’वर पुस्तक लिहिलंय, त्यात हा सगळा थरार आहे. निर्माते मंडळी बसली आणि जयला जिवंत करायचा का, यावर खल झाला. नुकताच ‘दीवार’ गाजलेला, अमिताभला मारलेलं लोकांना आवडलं नसेल, शेवट पुन्हा चित्रित करू! रमेश सिप्पींनी थोडं थांबू म्हटलं. वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकाने त्यांना सांगितलं, घाबरू नका, तुमचा सिनेमा चालणार. कशावरून? तर मध्यंतरात माझी आइस्क्रीम आणि थंड पेयं खपत नाहीयेत. लोक जागेवरून उठतच नाहीत, इतके सुन्न होतात.

मला वाटतं, आपल्याकडच्या प्रेक्षकांविषयी याहून शहाणं वाक्य कुणी बोललेलं नाही, आणि ते कुणा समीक्षकाचं नसून आइस्क्रीम विकणाऱ्या माणसाचं आहे. शिट्ट्या नाहीत, टाळ्या नाहीत, नाणी नाहीत, म्हणजे सिनेमा आवडला नाही, असं सगळे जाणते धरून चालले होते. शांततेचा असा अर्थ असू शकतो हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

‘शोले’त एक नाणं आहे. जय प्रत्येक कठीण प्रसंगी ते उडवतो आणि नेमका छापा पडतो. तो मेल्यावर वीरूला कळतं की नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच होता. मित्र सुखरूप राहावा म्हणून जय कायम स्वतःकडे धोका घेत आला. ‘नो कंट्री’तही नाणं आहे. शिगूर पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यासमोर नाणं उडवून झाकतो आणि बोल म्हणतो. पैज कशाची, हे म्हाताऱ्याला नीट कळतसुद्धा नाही. आपल्याला कळतं, आणि पोटात गोळा येतो. ते नाणं खरंखुरं आहे, त्यात लबाडी नाही. म्हातारा वाचतो तो निव्वळ नशिबाने. जयच्या खोट्या नाण्यामागे माणूस होता. शिगूरच्या खऱ्या नाण्यामागे कुणीच नाही. सिनेमाच्या शेवटी मॉसची बायको कार्ला जीन छापा-काटा बोलायला नकारच देते. ठरवणारा तू आहेस, नाणं नाही, असं त्याला तोंडावर सुनावते. त्या खोलीत पुढे काय झालं ते दाखवत नाहीत. शिगूर बाहेर येऊन बुटांचे तळवे बघतो, तेवढंच.

‘शोले’च्या शेवटाचंही एक प्रकरण आहे. सिप्पींनी मुळात दाखवलं होतं ते असं, की हात तोडलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. पण १९७५ चा जून उलटून गेला होता, आणीबाणी लागू झाली होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना. मग पोलीस ऐन वेळी पोचतात आणि गब्बरला बेड्या घालतात, असं नव्याने चित्रित झालं. म्हणजे हरिश्चंद्राच्या गोष्टीतला देव इथे खाकी वर्दीत आला. पन्नास वर्षं आपण तोच शेवट बघितला आणि तोच खरा मानला.

मधल्या काळातलं भराभर सांगतो. ‘सिंहासन’, १९७९ : शेवटी पत्रकार दिगू टिपणीसला वेड लागतं. ‘बनगरवाडी’, १९९५ : दुष्काळाने वाडी उठून जाते आणि मास्तर एकटा राहतो. माडगूळकरांच्या माणदेशाची, म्हणजे आमच्या डोंगरापलीकडचीच गोष्ट. दोन्ही सिनेमे मोठे, पण जत्रेच्या तंबूतल्या माणसाची आणि त्यांची गाठ फारशी पडली नाही. ते पाहणारे आणि त्यावर लिहिणारे निराळ्या जगातले. कोरडा शेवट हा शिकलेल्यांचा प्रांत, आणि देव, पोलीस, लग्न हा बाकीच्यांचा, अशी वाटणी झाली. ती खोटी होती हे कळायला सोलापूर जिल्ह्यातलाच एक माणूस यावा लागला.

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाइन डेला. लोक शाळकरी प्रेमाची गोष्ट म्हणून गेले. समोर आली ती कैकाडी घरातल्या जब्याची गोष्ट; वर्गातल्या पोरीच्या, मित्रांच्या, अख्ख्या गावाच्या देखत डुकरं धरायला लावलेला मुलगा. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. घरचे सगळे ताठ उभे राहतात, डुक्कर निघून जातं. महाराष्ट्रात सिनेमाच्या आधी राष्ट्रगीताला उभं राहायची पद्धत आहेच. त्याच प्रेक्षकांपुढे हे दृश्य. हसावं का, उभं राहावं का, काही कळेना अशी गत. आणि शेवटी हसणाऱ्या, चिडवणाऱ्या पोराच्या अंगावर जब्या दगड भिरकावतो, तो दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. ‘नो कंट्री’सारखाच काळा. इथेही लोकांनी विचारलं, संपला? पण हा प्रश्न विचारताना बऱ्याच जणांचा हात कपाळाकडे गेला होता असं मी म्हणेन.

आणि मग २९ एप्रिल २०१६. ‘सैराट’.

हा सिनेमा म्हणजे आमच्या तालुक्याच्या घरातली गोष्ट. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, माळशिरस तालुक्यातली. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाणणारी, आमच्याच बोलीत दम देणारी पोरगी एवढ्या मोठ्या पडद्यावर याआधी कुणी बघितलीच नव्हती. पहिल्या अर्ध्या भागात थिएटरचा तंबू झाला. लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले, नाणी उडाली. ‘जय संतोषी माँ’ची नाणी, तमाशातली दौलतजादा, सगळं परत आलं. काही ठिकाणी रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागल्याच्या बातम्या आल्या. मराठी सिनेमाने शंभर कोटींचा टप्पा गाठला.

तेच लोक पुढच्या तासा-दीड तासात हळूहळू खुर्च्यांत परतले. हैदराबादची झोपडपट्टी, भांडणं, संशय, मग जरा बरे दिवस, पोरगं झालं. आईकडून आहेर घेऊन भाऊ आणि नातेवाईक येतात. चहा ठेवला जातो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोरगं परत येतं, आत बघतं आणि रडत बाहेर चालत जातं. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. रडताना दिसतं, ऐकू येत नाही. आवाज बंद केलेला आहे.

ज्या थिएटरात तासाभरापूर्वी लोक नाचत होते तिथे लाइट लागल्यावर माणसं बसून राहिली. हे गावोगावी झालं, ज्याने तेव्हा ‘सैराट’ थिएटरात बघितला त्याला विचारा. कुणी कुणाशी बोलेना. बायका पदर डोळ्यांना लावून, पोरं खाली मान घालून. देव आला नाही, पोलीस आले नाहीत, खुन्यांना शिक्षा झालेली दाखवली नाही. ‘सावकारी पाश’ला नाकारणाऱ्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी हा शेवट स्वीकारला आणि तो बघायला पुन्हा तिकीट काढलं.

सगळ्यांनी स्वीकारला असंही नाही. ‘असला शेवट करायची काय गरज होती’ म्हणणारे होते. पोरी बिघडतात, पळून जातात म्हणून सिनेमाला दोष देणारे होते. पुढे त्याच वर्षीच्या तापलेल्या वातावरणात काही राजकीय नेत्यांनीही सिनेमाकडे बोट दाखवलं. आणि एक तिसरी प्रतिक्रिया होती, तिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही : ‘असंच होणार होतं.’ कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. सिनेमा बघून नव्हे, तर गावात राहून जमवलेल्या माहितीवर केलेली नोंद. मला ती सगळ्यात भयंकर वाटते. टेक्ससच्या शेरीफलाही शेवटी हेच कळलेलं असतं. जग आता बिघडलंय असं तो म्हणत असतो, आणि त्याचा म्हातारा नातेवाईक एलिस त्याला जुन्या काळच्या एका खुनाची हकिकत सांगून गप्प करतो : हे नवं नाही, हा मुलूख असाच होता.

इथे ‘नो कंट्री’ आणि ‘सैराट’मधला फरकही मांडायला हवा, कारण दोन्हींना ‘डार्क’ म्हणून एका पिशवीत घालायची आजकाल फॅशन आहे. शिगूर कुठून आला, का मारतो, याला उत्तर नाही. तो पावसासारखा किंवा रोगासारखा येतो. आर्ची-परश्याला मारणारे मात्र कुठून आले हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. त्यांची आडनावं, त्यांचा वाडा, त्यांची शिक्षणसंस्था, त्यांचं राजकारण, सगळं पहिल्या भागात हसत-खेळत दाखवून झालेलं आहे. पहिला शेवट कळत नाही म्हणून छळतो, दुसरा पुरता कळतो म्हणून. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ काढला तेव्हा शेवट बदलला. नवरा आणि मूल मारलं, मुलगी जिवंत ठेवली. बदल छोटा वाटतो, पण त्यामुळे दुःख करायला पडद्यावरच एक माणूस उरला. ‘सैराट’मध्ये ते काम आपल्यावर टाकलं होतं.

आता मोबाइलची गोष्ट, कारण तुम्ही हे मोबाइलवरच वाचताय. ‘नो कंट्री’त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. एक प्रसंग बघा. मॉस हॉटेलच्या खोलीत अंधारात बसलाय. खाली काउंटरला फोन लावतो, बेल वाजत राहते, कुणी उचलत नाही. मग बाहेर पावलं. दाराखालच्या फटीतल्या उजेडात दोन पायांची सावली येऊन थांबते, आणि निघून जाते. मग बोळातला दिवा विझतो. बस. या दोन-तीन मिनिटांत काहीच ‘होत’ नाही, आणि म्हणूनच दहा सेकंद पुढे ढकलायला अंगठा शिवशिवतो. ढकललं की सिनेमा मेला. एसटीत, एका कानात इअरफोन घालून, मधे तीन मेसेज वाचून बघणाऱ्याला शेवट ‘कळला नाही’, तर त्यात त्याची अक्कल काढायचं कारण नाही. सिनेमाचा अर्धा ऐवज शांततेत ठेवलेला होता आणि ती शांतता त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

आणि दुसरं असं, की शांतता एकट्याने पुरी पडत नाही. ‘सैराट’च्या शेवटी आपण सुन्न झालो त्यात शेजारच्या अनोळखी माणसाच्या न बोलण्याचाही वाटा होता. मोबाइलवर सिनेमा संपला की दोन सेकंदांत पुढचा सिनेमा सुरू व्हायची तयारी करतो. ते चुकवलं तर शेवटाचा अर्थ सांगणारे पन्नास व्हिडिओ हजर. ते व्हिडिओ वाईट नसतात, काही तर फार मेहनतीने केलेले असतात. पण कीर्तनात देव प्रकट होतो तसा तिथे अर्थ प्रकट होतो, बारा मिनिटांत, आणि वही मिटते. गीता टॉकीजच्या मालकाला आज हा धंदा करायचा असता तर लोक गप्प बसलेत हे त्याला कशावरून कळलं असतं, हा प्रश्न मला पडतो.

तंबू टॉकीजचं म्हणाल तर रिळं गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले, आणि बऱ्याच मालकांनी ट्रक विकून टाकले. यात्रेला गेलेली पोरं पाळण्याच्या रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर सिनेमा बघतात.

‘शोले’ मात्र अजून संपलेला नाही. जुन्या निगेटिव्ह शोधून, धुऊन-पुसून तयार केलेली त्याची नवी प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहराच्या मोठ्या चौकात, उघड्यावर, रात्री दाखवली गेली. जत्रेसारखीच, फक्त तंबू नव्हता. तिला जोडलेला होता तो सिप्पींचा मूळ शेवट, जो आणीबाणीतल्या सेन्सॉरने काढायला लावला होता. त्यात पोलीस येत नाहीत. ठाकूर गब्बरला मारतो आणि मग वीरूला बिलगून हमसून हमसून रडतो.